डाव्या बाजूच्या खिडक्या

माझं काम सांगायला अगदी सोपं होतं. खिडकीत बसायचं आणि समोर येईल त्याचा फोटो काढायचा. नातेवाइकांना वाटायचं, काय मजा आहे हिची. मजा होतीच, नाही कशाला म्हणू? समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानात मी एकोणीस वर्षं त्याच एका खिडकीत बसले, आणि त्यातली अठरा तरी हसण्यातच गेली. उरलेल्या एका वर्षाबद्दल हे लिहिते आहे. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा लिहायला हरकत नसावी.

विमानाला आम्ही ‘मावशी’ म्हणायचो. चार पंख्यांची, पोट सुटलेली, कुठेही जायची घाई नसलेली अशी ती होती. तिच्याहून जुनं विमान तळावर एकच होतं आणि ते फाटकाशी शोभेला उभं केलेलं होतं. मावशीत आम्ही आठ जण बसायचो. पुढे कॅप्टन आणि त्यांचा जोडीदार वैमानिक. त्यांच्या मागे रेडिओ सांभाळणारा, ज्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत, कारण रेडिओ बंद असला तरी हा चालूच असायचा. मग रडारवाला, पाण्याखालचे आवाज ऐकणारी दोघांची जोडी, मी, आणि इंजिनांची काळजी घेणारे मिस्त्री. मिस्त्री वयाने सगळ्यांत मोठे. इंजिन जरा जरी कण्हलं तरी ते भिंतीवर हात ठेवून ‘काय झालं गं’ असं विचारायचे.

डाव्या अंगाला पाच खिडक्या होत्या. पुढून पहिली भोंग्याची. दुसरीला कायम काळा पडदा, रडारवर उजेड पडू नये म्हणून. तिसरी माझी, ती बाहेरच्या बाजूला फुगवलेली होती, डोकं आत घातलं की मावशीचं शेपूटसुद्धा दिसायचं. चौथी चहाच्या ओट्यापाशी. पाचवी अगदी मागे, जिथे घडी केलेल्या रबरी होड्या आणि लाइफ जॅकेटं कोंबलेली असत. तिथे बसायला सोडा, नीट उभं राहायलाही जागा नव्हती.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही हद्दीपाशी पोचायचो. समुद्रात रेघ नसते, ती फक्त नकाशावर असते. अलीकडचं पाणी आणि पलीकडचं पाणी सारखंच निळं. पण आम्ही त्या रेघेला समांतर उडायला लागलो की पलीकडून दहा मिनिटांत एक लढाऊ विमान यायचं आणि आमच्या डाव्या हाताला, दीडशे मीटरवर, बरोबरीने चालायला लागायचं. तो आमच्याकडे बघायचा, आम्ही त्याच्याकडे. मी त्याचे फोटो काढायचे, तो आमचे. पंधरा-वीस मिनिटांनी तो पंख हलवून निघून जायचा. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत याला ‘तणाव’ म्हणत.

बहुतेक वेळा एकच वैमानिक यायचा. हेल्मेटवर पिवळा पट्टा, विमानावर सत्तावीस आकडा. आमंत्रण नसताना ठरल्या वेळी येणार, आपल्याकडे सगळ्यांनी बघावं अशी अपेक्षा करणार आणि जरा दुर्लक्ष केलं की रुसून पुढे निघून जाणार. भोंग्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं, ‘जावईबापू’. मग रोजचंच झालं. “ताई, कॅमेरा काढा, जावईबापू आले!” आम्ही चहाचे कप दाखवायचो, तो त्याची पाण्याची बाटली दाखवायचा. एकदा मिस्त्रींनी टक्कल दाखवलं तर त्याने हेल्मेटवर टपली मारून दाखवली, म्हणजे आतमध्ये इकडेही तेच आहे. शत्रू म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. फक्त त्याच्या पंखांखाली चार क्षेपणास्त्रं होती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला जावईबापू एक दिवस नेहमीपेक्षा जवळ आला. फोटोतल्या त्याच्या पंखांच्या लांबीवरून मी नंतर अंतर काढलं, नव्वद मीटर. त्याने हात हलवला. मीही हलवला. मग लक्षात आलं, तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची मान मागे वळलेली होती, मावशीच्या शेपटाकडे. तिकडे बघून तो हात हलवत होता, अगदी ओळखीच्या माणसाला हलवावा तसा.

मी मागे जाऊन बघून आले. होड्या होत्या, जॅकेटं होती.

“काय ताई, कोण आहे?” भोंग्याने विचारलं.

“कोणी नाही.”

“मग सासूबाई दिसल्या असतील त्याला.”

त्या आठवड्यात तो आणखी दोनदा जवळ आला, दोन्ही वेळा मागच्या बाजूने. पुढच्या सोमवारी त्याने एक हात वर केला आणि पाच बोटं दाखवली. मूठ मिटली आणि चार दाखवली. मग आमच्याकडे बोट केलं. परत पाच, परत चार, परत आमच्याकडे बोट.

“नऊ,” मी म्हणाले. “आपल्याला नऊ म्हणतोय.”

भोंग्याला वाटलं, नऊ नंबरच्या वाहिनीवर बोलायला सांगतोय. त्याने लावून बघितली. नुसती खरखर. रडारवाला म्हणाला, नऊ तारखेला काहीतरी असेल. कॅप्टनना गंमत सुचली. त्यांनी सगळ्यांच्या कानात बसेल असा आवाज लावला, “हजेरी!” आणि शाळेतल्या मास्तरांसारखी एकेकाची हाक घेतली. आठ वेळा ‘हजर’ झालं. मिस्त्रींनी तर ‘हजर बाई’ म्हटलं. आम्ही इतके हसलो की पाण्याखालचे आवाज ऐकणाऱ्या जोडीने ओरडून सांगितलं, एखादी पाणबुडी खालून गाणं म्हणत गेली तरी आता ऐकू येणार नाही.

मी हसले खरी, पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

खिडक्यांच्या काचा उड्डाणाआधी मीच पुसायचे. फोटोत डाग नको म्हणून आतून-बाहेरून, स्पिरिट आणि सुती फडक्याने, पाचही. वर गेलं की थंडीने मागच्या काचांवर आतून दव धरायचं, कारण तिकडे गरम हवेचा झोत पोचत नसे. तो पहिल्यांदा जवळ आला त्या दिवशी मी होड्यांपाशी गेले तेव्हा पाचव्या खिडकीवर असंच पांढरं दव होतं, आणि मधोमध तळहाताएवढी जागा पुसलेली होती. कोणीतरी बाहेर बघायला पुसावी तशी. मी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी विचारलं, तिकडे कोण मरायला जातंय?

पंधरा दिवस रोज तसंच होतं. मग पाचव्या खिडकीवरचं दव सगळं जसंच्या तसं राहायला लागलं, आणि पुसलेली जागा चौथीवर, चहाच्या ओट्यापाशी दिसू लागली. तिथे काय, चहा घ्यायला सगळेच जातात. मी मनाची समजूत घातली आणि कामाला लागले.

माझा नवरा जनावरांचा डॉक्टर. सकाळी पोहायला जाऊन आला की आम्ही दोघं ओल्या टॉवेलवरून भांडत नाश्ता करायचो. त्या रविवारी त्याच्या मांडीवर कोणाचं तरी पायाला बँडेज बांधलेलं मांजर होतं आणि तो त्याला थेंबाथेंबाने औषध पाजत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की पलीकडचा वैमानिक हल्ली फार जवळ येतो, का ते कळत नाही.

“जनावर उगाच कोणाच्या जवळ जात नाही,” तो म्हणाला. “एक तर त्याला भूक असते, नाहीतर कोणीतरी बोलावलेलं असतं.”

“अरे, वैमानिक आहे तो. बैल नाही.”

“तेच म्हणतोय मी. तो तर बैलापेक्षा सावध असणार. मग त्याला चांगल्या ओळखीचं कोणीतरी बोलावत असेल.”

मांजराने त्याच क्षणी त्याला ओरबाडलं, म्हणून विषय तिथेच राहिला.

पुढच्या आठवड्यात जावईबापूच्या जागी दुसराच वैमानिक आला. तरणा असावा, विमान जरा जास्तच झोकात वळवायचा. पहिल्याच दिवशी तो शंभर मीटरवर आला आणि त्यानेही चौथ्या खिडकीकडे बघून हात हलवला. दुसऱ्या दिवशी साठ मीटर. तिसऱ्या दिवशी चाळीस. कॅप्टनचं हसणं थांबलं. चाळीस मीटर म्हणजे आपल्याला बरंच वाटतं, पण तेवढ्या वेगात ते दोन बोटांएवढं असतं. हवेचा एक धक्का, एक शिंक, आणि दोघांचं काय ते संपलं. आमच्या वरिष्ठांनी पलीकडे निषेधाचं कडक पत्र पाठवलं. मी त्याला फोटो जोडले.

त्यांचं उत्तर यायच्या आधीच तो मंगळवार आला.

हवा स्वच्छ होती. खाली समुद्र इतका शांत की मावशीची सावली पाण्यावरून इस्त्री फिरवावी तशी चालली होती. भोंगा घरच्या नव्या सोफ्याची कहाणी सांगत होता, दारातून आत जात नाही म्हणून दार काढलं, आता दार बसत नाही. पुढून जोडीदाराचं हसणं ऐकू येत होतं. तेवढ्यात सत्तावीस आकडा दिसला.

“आले, आले!” भोंगा म्हणाला. “जुने जावई परत आले!”

मला खरंच बरं वाटलं. ओळखीचा माणूस होता तो. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

शंभर मीटर. ऐंशी. पिवळा पट्टा स्पष्ट दिसत होता. त्याने हेल्मेटची काळी काच वर केली. मी इतक्या वर्षांत त्याचा चेहरा पहिल्यांदाच बघत होते. गोल, गोरा, मिशी नसलेला.

पन्नास.

“कॅप्टन, तो येतोय,” मी म्हणाले.

“बघतोय मी. उजवीकडे घेतो.”

मावशी उजवीकडे झुकली. तोही झुकला. आमच्याबरोबरच.

तीस.

तो हसत होता. वेडंवाकडं नाही, छान हसत होता. दार उघडल्यावर समोर कोणीतरी आवडतं माणूस दिसावं, तसं. आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्याच्या जरासं वर, मागे बघत होता.

वीस. मी फोटो काढत राहिले. हाताला तीच सवय होती.

माझ्या पाठीला कॉलरपाशी गार लागलं. मागे चहाच्या ओट्यावर कपांची किणकिण चालली होती.

मी वळले नाही.

“मिस्त्री!” मी ओरडले. “मिस्त्री, तुम्ही माझ्यामागे आहात का?”

“मी पुढे आहे, ताई!” त्यांचा आवाज पुढूनच आला.

त्याच्या पंखाचं टोक आमच्या पंखाखाली गेलं. अगदी सावकाश, घडी करून ठेवावं तसं.

कॅप्टननी मावशीला वर खेचलं. एवढ्या वजनदार बाईला कोणी असं उचलत नाही. कप, सोफ्याची गोष्ट, माझी वही, सगळं एकदम मागे गेलं. खालून एक लांब, कर्कश आवाज झाला, ताटावरून चमचा ओढल्यासारखा, आणि थांबला.

नंतर फक्त इंजिनं.

जावईबापू खाली दूर सरळ उडत होता. त्याचा हात कपाळावर होता. झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

कॅप्टननी हजेरी घेतली. आठ ‘हजर’ झाले. या वेळी कोणी ‘बाई’ म्हटलं नाही. तळावर उतरल्यावर मिस्त्रींनी पंखाखाली हात फिरवला आणि हातभर लांबीचा पलीकडचा राखाडी रंग नखाने खरवडून काढला. मग म्हणाले, “पाहुणा काहीतरी ठेवून गेला बरं का.” आम्ही हसलो. हसलो नसतो तर काय केलं असतं कोणास ठाऊक.

पाच दिवसांनी पलीकडचं पत्र आलं. आमच्या निषेधाला उत्तर म्हणून त्यांनीही निषेधच पाठवला होता. त्यात असं होतं, की तुमच्या विमानाच्या डाव्या खिडकीतला एक इसम गेले दोन महिने आमच्या वैमानिकांना हाताने जवळ बोलावत आहे, हा प्रकार धोकादायक असून तो तत्काळ थांबवावा.

वरिष्ठांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसायचं ठरलं. तिसऱ्याच देशातलं एक सभागृह, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि अणकुचीदार पेन्सिल. आमच्या बाजूने एक वरिष्ठ अधिकारी, कॅप्टन आणि मी. त्यांच्या बाजूने एक वरिष्ठ, त्यांच्या फोटो विभागाच्या पांढऱ्या केसांच्या बाई, आणि टोकाच्या खुर्चीत अंग चोरून बसलेला एक बुटका, टकला, गोल चेहऱ्याचा माणूस. आम्हाला बघून त्याने टेबलाखालून बाटली वर केली आणि लगेच खाली ठेवली. कॅप्टननी तोंडावर रुमाल धरला.

बाईंनी सात फोटो टेबलावर मांडले. मी इतकी वर्षं त्यांचे फोटो काढत होते, आमचे फोटो कधी बघितले नव्हते. मावशी बाहेरून चांगलीच देखणी दिसत होती.

पहिल्या तिघांत पाचव्या खिडकीत एक माणूस होता. पुढच्या तिघांत चौथ्या खिडकीत, तोच. पन्नाशीचा, साधा पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं, बाह्यांचीही बटणं लावलेली, भांग नीट पाडलेला. गणवेश नाही, कानावर यंत्र नाही. चेहरा कसा होता सांगू? दारात उभं राहून ‘या, या, आत या’ म्हणणाऱ्या यजमानाचा. एक हात वर, बोटं आत वळलेली.

सातव्या फोटोत माझी खिडकी होती. मी कॅमेरा डोळ्याला लावून बसले होते. तो माझ्यामागे वाकून उभा होता. उजवा हात माझ्या डोक्यावरून बाहेर बोलावत होता. डावा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर टेकलेला होता, आपल्या घरच्या खुर्चीवर टेकावा तसा.

“हे बनावट आहेत,” आमचे वरिष्ठ म्हणाले. “विमानात आठच माणसं होती.”

दुभाष्याने ते पलीकडे सांगितलं. पलीकडच्या वरिष्ठांनी पेन्सिल खाली ठेवून उत्तर दिलं. दुभाषा म्हणाला, “ते म्हणतात, फोटो खोटे असतील तर त्यांचा वैमानिक कारण नसताना तुमच्या अंगावर आला असं होतं. मग तो यापुढे उडणार नाही. कधीच.”

टोकाच्या खुर्चीतल्या माणसाचे कान लाल झाले होते. तो पेन्सिलीचं टोक बघत होता.

मी बोलणं अपेक्षित नव्हतं. मी फक्त फोटो घेऊन आले होते. पण मी उठले आणि पुसलेल्या काचेचं सांगितलं. पाचवी खिडकी, मग चौथी. कोणत्या तारखेला, किती दिवस. माझ्या फोटोंत त्यांच्या वैमानिकाची नजर कुठे आहे तेही दाखवलं. आमच्या वरिष्ठांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी बढती मला त्यांच्या चष्म्यात बुडताना दिसली.

“तुम्ही हे आधी का सांगितलं नाहीत?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही मला डोळे तपासून घ्यायला पाठवलं असतंत, साहेब.”

तेव्हा कॅप्टन खाकरले. “साहेब, आम्ही आठच होतो, हे मी लिहून देतो. पण ही बाई जे दिसतं तेच सांगते. एकदा मला डुलकी लागली होती तर हिने तिचासुद्धा फोटो अहवालाला जोडला होता.”

दुभाष्याने भाषांतर केलं. आधी पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या, मग त्यांचे वरिष्ठ, मग नाइलाजाने आमचेही. त्यानंतर बरंच सोपं गेलं. ठरलं ते असं, की यापुढे अंतर पाचशे मीटर. कोणी कोणाला हाताने खुणा करायच्या नाहीत आणि कोणी केल्या तर मानायच्या नाहीत. मावशीच्या चौथ्या आणि पाचव्या खिडकीवर पत्रा ठोकायचा. त्या माणसाबद्दल कागदावर एक शब्दही आला नाही. जावईबापूची नोकरी राहिली.

चहाच्या वेळी तो दुभाष्याला ओढत माझ्यापाशी आला. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ हलवला. मग इकडेतिकडे बघून काहीतरी विचारलं.

“ते विचारतात,” दुभाषा म्हणाला, “तुमचे ते गृहस्थ आज का नाही आले?”

“ते आमच्यातले नाहीत. आम्ही कोणीच त्यांना ओळखत नाही.”

हे ऐकून तो आधी हसला. मग थांबला. “मला वाटलं, तुमचा स्वयंपाकी असेल.”

“तुम्हाला ते ओळखीचे वाटले का?”

त्याने विचार केला. खरंच, बराच विचार केला. “नाही,” तो म्हणाला. “पण त्यांना मी ओळखीचा वाटत होतो.”

तीन आठवड्यांनी आम्ही परत हद्दीवर गेलो. पत्रे ठोकलेले होते, पंखाला नवा रंग लागला होता, भोंग्याच्या घराला दार बसलं होतं. सगळे खुशीत होते. मिस्त्रींनी नवे कप आणले होते, न फुटणारे.

बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी जावईबापू आला आणि पाचशे मीटरवर, आखून दिल्यासारखा, आमच्या बरोबरीने चालायला लागला. त्या दिवशी त्याचं नेहमीचं विमान नव्हतं. हे जरा लांबट, पुढेमागे दोन बैठकांचं होतं. हेल्मेट मात्र तेच, पिवळ्या पट्ट्याचं.

“शहाणा झाला हो आपला जावई,” भोंगा म्हणाला.

एवढ्या अंतरासाठी मला लांब नळीची लेन्स मिळाली होती. तिच्यावर एक कडी असते, अंतर बदललं की ती फिरवावी लागते, नाहीतर फोटो अंधुक येतो. मी फोटो काढायला लागले. ऊन छान होतं. पुढे कोणीतरी शीळ घालत होतं. मला अगदी मोकळं, हलकं वाटत होतं, फार दिवसांनी माहेरी निघाल्यासारखं. किती वेळ गेला कळलं नाही.

मग माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. तो कडी फिरवत होता. थोडी, आणखी थोडी, एकाच दिशेने.

मी कॅमेरा खाली घेतला. साध्या डोळ्यांना त्याच्या विमानाचे खिळे दिसत होते.

“कॅप्टन,” मी म्हणाले, “आपण सरकतोय.”

शीळ थांबली. “अरेच्चा,” कॅप्टन म्हणाले. आवाजात भीती नव्हती, नुसतं आश्चर्य. “मी तर सरळच धरलंय.” आणि त्यांनी मावशीला उजवीकडे वळवलं. जावईबापूने पंख हलवले आणि तो गेला. परतीच्या वाटेवर आम्ही त्यावर भरपूर हसलो. वयोमानाने मावशीला हल्ली डावीकडे ओढ लागते, असं मिस्त्रींनी जाहीर केलं.

दुपारी फोटोंच्या खोलीत मी चौदा फोटो धुऊन दोरीवर लावले. मग भिंग आणि मोजपट्टी घेऊन नेहमीसारखं एकेकाचं अंतर काढलं. पाचशे. चारशे साठ. चारशे दहा. रडारवाल्याच्या नोंदीत तो आपली रेघ सोडून तसूभरही हलला नव्हता. सगळं अंतर आम्ही कापलं होतं. तेराव्या फोटोत पंच्याऐंशी.

तेराही फोटोंत मागच्या बैठकीवर कोणीतरी होतं. हेल्मेट नाही, भांग नीट पाडलेला, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. हात वर, बोटं आत वळलेली. तोंड आमच्याकडे.

चौदावा फोटो अठ्ठावन्न मीटरवरचा. मी तो दोनदा मोजला. त्यात जावईबापू पुढे एकटाच आहे आणि समोर बघतो आहे. मागची बैठक रिकामी आहे. खांद्यावरून येणारे तिचे दोन पट्टे मात्र लावलेलेच आहेत. ते बैठकीच्या पाठीवर पडलेले नाहीत. पुढे फुगलेले, ताणलेले, आत एक छाती मावेल एवढी जागा सोडून हवेतच उभे आहेत.